गोठ्यातली लो-बॉनेट: पैसे देण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरजवळच्या कामठीच्या पुढे एका शेतातल्या गोठ्यात जुनी जीप उभी आहे. मालक सांगतो, 1944 ची विलीज, आजोबांनी मिलिटरी डिस्पोजलमधून घेतली होती. पंधरा-वीस वर्षांत चालू झालेली नाही. कागद म्हणजे आरसी बुकाचं एक फाटकं पान. विचारणारे कामठीतलेच नोकरदार आहेत, हाताने काम केल्याचा अनुभव स्कूटरपुरता, आणि जीप ‘युद्धात होती अगदी तशी’ करायची इच्छा. घ्यावी का? घेतली तर सुरुवात कुठून?

उत्तर लांबणार आहे. ‘घेऊन टाका ना भाऊ’ म्हणणारे तुम्हाला दहा जण भेटतील, पण त्यातला एकही गाडीखाली झोपायला येणार नाही. मी सव्वीस वर्षं हा उद्योग करतो आहे. दोन लो-बॉनेट (युद्धातल्या, ठेंगण्या बॉनेटच्या जीप) उभ्या केल्या, एक जोंगा (फौजेचीच, पण मोठी गाडी) केली, एक गाडी अर्ध्यावर सोडून विकली. त्या अर्ध्यावर सोडलेल्या गाडीने जास्त शिकवलं.

आधी मालकाच्या दाव्याबद्दल. तो खोटंच बोलत असेल असं नाही. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा चीन-बर्मा-भारत आघाडीसाठी आलेल्या बऱ्याच गाड्या इथेच राहिल्या आणि डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. आपल्या भागात त्या मालगुजारांनी, म्हणजे इथल्या जमीनदारांनी घेतल्या, लाकडाच्या नि तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांनी घेतल्या. भंडारा-चांद्याच्या जंगलात पावसाळ्यात दुसरं काही चालतच नसे. 1972 चा वन्यजीव कायदा येईपर्यंत शिकारीला त्याच जात. तेव्हा विदर्भातल्या गोठ्यात खरी युद्धातली जीप सापडू शकते. पण तिच्यासारखीच दिसणारी नागरी जीप किंवा मागाहून जोडजाड केलेली जीप सापडण्याची शक्यता त्याहून जास्त.

ओळखायचं कसं? जाताना चुंबक, टॉर्च, तारेचा ब्रश आणि एक टोकदार पेचकस न्या. समोरची जाळी बघा: युद्धातल्या जीपला पत्रा दाबून केलेल्या नऊ फटी असतात, नागरी जीपला (तिला सीजे म्हणतात) सात. मागे उघडणारं फळकूट असेल तर ती नागरी. लष्करी जीपला मागे फळकूट नसतं, स्टेपनी मागे लटकलेली असते आणि पेट्रोल भरायला ड्रायव्हरची सीट उचलावी लागते, कारण टाकी सीटखाली आहे. समोरची काच दोन तुकड्यांची हवी. हेडलाइट पंखाचा नट सैल करून मागे वळवता यायला हवेत. रात्री इंजिनात उजेड पडावा म्हणून केलेली ती सोय मला आजही फार आवडते.

‘लो-बॉनेट’ आणि ‘हाय-बॉनेट’ हा फरकही समजून घ्या. युद्धातलं इंजिन साइड-व्हॉल्व्हचं, 2.2 लिटर, 60 हॉर्सपॉवर. पुढे सीजे-3बी मध्ये इनलेट व्हॉल्व्ह हेडवर गेले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. बोअर आणि स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) तोच राहिला. महिंद्रने ती हाय-बॉनेट वर्षानुवर्षं बनवली, आणि तो तुमचा मोठा फायदा आहे. ब्रेकचं सामान, बेअरिंग, चाकाचे नट यातलं बरंच अजून दुकानात मिळतं. युरोपातला शौकीन ज्यासाठी पार्सलची वाट बघतो ते आपल्याला नागपूरजवळच्या वाडीला ट्रकवाल्यांच्या दुकानात उभ्या-उभ्या मिळून जातं.

आता फोर्ड की विलीज. ही जीप दोन कंपन्यांनी बनवली, दोन्ही मिळून साडेसहा लाखांच्या आसपास. बंपरच्या मागची, रेडिएटरच्या खालची चासीची आडवी पट्टी हाताने चाचपून बघा. गोल नळी असेल तर विलीज, उलट्या यू आकाराची असेल तर फोर्ड. फोर्डवाल्यांनी तर बोल्टच्या डोक्यावरसुद्धा एफ ठोकला आहे. इंजिनाचा नंबर पुढे उजवीकडे, ऑइल फिल्टरच्या मागे असतो. चासी फोर्डची आणि इंजिन विलीजचं निघालं तर लगेच ‘फसवलं’ म्हणून ओरडू नका. फौजेच्या वर्कशॉपमध्ये एका गाडीचं इंजिन दुसरीत जाणं रोजचं होतं. संशय घ्यायचा तो चासी नंबरच्या जागी घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर. तशा दिसल्या तर चहा प्या नि घरी या.

पत्र्यात खरी कीड असते ती फरशीच्या खाली. बॉडीला आधार म्हणून खालून टोपीच्या आकाराच्या पत्र्याच्या पट्ट्या मारलेल्या आहेत आणि त्यांच्या पोटात लाकडाच्या फळ्या भरलेल्या आहेत. पावसाचं पाणी त्या लाकडाने ऐंशी वर्षं धरून ठेवलं. वरून फरशी ठणठणीत वाटते, खालून पेचकस टोचला की आरपार जातो. बाजूच्या पत्र्यावर चुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. पत्रा कुजलेला असला तरी बदलता येतो, त्याने घाबरू नका. चासी मात्र वाकलेली किंवा चिरलेली नको.

आणि कागद. माझ्या मते हा खरा प्रश्न आहे, गंज नव्हे. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि आजोबा गेले असतील तर ती थेट तुमच्या नावावर होत नाही. आधी वारसाच्या नावावर (फॉर्म 31), मग वारसाकडून तुमच्याकडे (29 आणि 30). आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि फॉर्म 26. त्याही आधी आरटीओतून गाडीच्या नोंदीचा उतारा, ज्याला सगळे बी एक्स्ट्रॅक्ट म्हणतात, तो काढायला मालकाला सांगा. त्यासाठी जुना नंबर पूर्ण माहीत हवा. फाटक्या पानावर तो अर्धाच असेल तर काय करायचं ते शेवटी सांगतो. फौजेकडून थेट लिलावात घेतलेल्या गाडीला त्या खात्याचं फॉर्म 21 मधलं मूळ विक्रीपत्र लागतं. त्याची झेरॉक्स दाखवून ‘मूळ प्रत गावाला आहे’ म्हणणाऱ्याला मी आता नमस्कार करतो.

2021 मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, खाजगी वापराची, मूळ रचनेत मोठे बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए असलेला नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. म्हणजे रविवारी बायको-पोरांना घेऊन रामटेकला जायचं स्वप्न असेल तर ही नोंदणी तुमच्यासाठी नाही, साधी आरसीच नूतनीकरण करून ठेवा. आणि ‘मूळ रचनेत बदल नाही’ हे शब्द लक्षात ठेवा. मालकाच्या वडिलांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं असेल (आपल्याकडे निम्म्या जीपमध्ये बसवलेलं आहे) तर व्हीए नंबरचा विषयच तिथे अडतो.

आता ‘युद्धात होती तशी’. इथे मी थोडा वेळ घेणार आहे.

पहिल्या जीपच्या वेळी माझ्याही डोक्यात हेच होतं. बॉनेट डेंटरकडे टाकलं आणि सांगितलं, पत्रा उघडा कर. त्याने ग्राइंडर लावला. मी दुपारी गेलो तेव्हा बॉनेटच्या एका बाजूला चांदीसारखा पत्रा आणि दुसऱ्या बाजूच्या कडेला, निळ्या नि पिवळ्या थराच्या खाली, पांढऱ्या रंगातला एम आणि त्यापुढे दोन आकडे. बाकीचे आकडे जमिनीवर धूळ होऊन पडले होते. ब्रिटिश आणि हिंदी फौजेत हलक्या गाड्यांचे नंबर एमने सुरू होत. माझी जीप कुठल्या पलटणीत होती हे शोधायचा तोच एक धागा होता, आणि मी स्वतः पैसे देऊन तो घासून घेतला. चूक डेंटरची नव्हती. त्याला सांगणारा मी होतो.

म्हणून आता कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी मी रंग वाचतो. चारशे, सहाशे, मग हजार नंबरचा वॉटर पेपर, बादलीभर पाणी आणि बोटाएवढी जागा. गोल-गोल हळू घासत गेलं की थर झाडाच्या वलयांसारखे उलगडतात. वरचा ठेकेदाराचा निळा, त्याखाली मालगुजाराचा पांढरा किंवा क्रीम, मग फौजेचा चकाकता हिरवा, मग मंद, जवळजवळ तपकिरी ऑलिव्ह ड्रॅब, तळाशी लाल प्रायमर. बॉनेटच्या दोन्ही बाजू, काचेची खालची पट्टी, बंपरची टोकं आणि मागचा पत्रा या जागी अशा खिडक्या करा. अमेरिकन गाडी असेल तर बॉनेटच्या बाजूला 20 ने सुरू होणारा लांबलचक नंबर मिळू शकतो. प्रत्येक खिडकीचा सूर्यप्रकाशात, शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या. एका गाडीला मला यात तीन पूर्ण रविवार लागले, आणि घरच्यांनी ‘आज पण घासणंच का?’ असं विचारलं.

हे झालं की कळतं, ‘युद्धात होती तशी’ म्हणजे नेमकी कोणत्या साली? 1944 ला एक रंग, स्वतंत्र भारताच्या फौजेत दुसरा, मालगुजाराकडे तिसरा. गाडीने युद्धात फार तर दोन वर्षं काढली आणि शेतात पन्नास. त्यातलं कोणतं वर्ष खरं मानायचं हे तुम्ही ठरवायचं.

शिवाय कायद्याने तुमचा एक पर्याय आधीच काढून घेतलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 121 वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. आमच्या मंडळींत याबद्दल नेहमी वाद होतो. ‘ड्रॅब आहे, ग्रीन नाही’ वगैरे. वाद घालायला मजा येते, पण चौकात उभा असलेला हवालदार रंगाचं कार्ड घेऊन उभा नसतो. तुम्ही तर कामठीत, छावणीच्या दारात राहता. बाणाची खूण असलेला फौजी नंबर लावून किंवा वर खोटी मशीनगन बसवून तिथून जाण्याइतका वेडेपणा नको. मी माझी दुसरी जीप तिच्या दुसऱ्या आयुष्याच्या रंगात ठेवली आहे, मालगुजारी क्रीम. बॉनेटची आतली बाजू मात्र हात न लावता तशीच आहे. तिथे फौजेचा मूळ रंग, त्यावर कोणाच्या तरी ग्रीसच्या बोटांचे ठसे. येणाऱ्यांना मी बाहेरून दाखवत नाही, बॉनेट उघडून दाखवतो.

रंगकामाचं एकच सांगतो. नागपुरात दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंतच रंग मारा. ऑगस्टच्या दमटीत रंगाखाली ओल अडकते, मे महिन्यात तो पत्र्यावर पसरायच्या आतच वाळतो. बारीक भागांचा गंज काढायला धुण्याचा सोडा, पाणी आणि बॅटरी चार्जर पुरतो. गंजलेला भाग ऋण टोकाला, भंगारातली साधी लोखंडी सळई धन टोकाला. स्टेनलेसची सळई वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे उघड्यावर करा, त्यातून हायड्रोजन निघतो, शेजारी बिडी नको.

यंत्राकडे वळू. सगळे इंजिनापासून सुरुवात करतात, मी ब्रेकपासून करतो. चालू न होणारी गाडी निरुपद्रवी असते, न थांबणारी नव्हे. ड्रम उघडताना हवा मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसा. त्याही आधी चाक काढताना लक्षात ठेवा: डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे आहेत. नटावर किंवा बोल्टच्या टोकावर एल कोरलेला असतो, पण गंजात दिसत नाही. टायरवाला पोरगा पाईप लावून सगळा जोर नेहमीच्याच दिशेने लावतो आणि बोल्ट तुटतो. दोन तुकडे बोल्टने जोडलेली लष्करी रिम असेल तर ते बोल्ट हवा पूर्ण काढल्याशिवाय सोडायचे नाहीत. व्हॉल्व्ह पिनच काढून टाका, मगच पाना लावा. हवा भरलेली असताना तो तुकडा उडाला तर समोरचा माणूस वाचत नाही. हे रागावून सांगतोय असं समजा.

जाम झालेल्या इंजिनाला धक्का किंवा ट्रॅक्टरने ओढ देऊ नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि गियरबॉक्सचं पातळ ऑइल निम्मं-निम्मं घाला, पंधरा दिवस विसरा, मग फ्लायव्हील दातांवरून हलके-हलके दोन्हीकडे हलवा. चालू झाल्यावर ‘सेल्फ उचलत नाही’ ही तक्रार येईल. मूळ वायरिंग 6 व्होल्टचं आहे आणि त्याला तितक्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो. कोणीतरी मध्येच आजच्या कारची बारीक केबल टाकलेली असते. जाड केबल आणि घासून स्वच्छ केलेली अर्थिंग, एवढ्याने निम्म्या सेल्फ मोटरी ‘दुरुस्त’ होतात. 12 व्होल्ट करायची घाई नको.

आपल्या नागपूरचा खास आजार म्हणजे उन्हाळ्यात गाडी रस्त्यात बंद पडणं. पेट्रोल पंप इंजिनाला चिकटलेला, नळी एक्झॉस्टच्या शेजारून. पंचेचाळीस डिग्रीत पेट्रोल नळीतच वाफ होतं, पंप ती वाफ ढकलत राहतो, कार्ब्युरेटर कोरडा. वर्धा रोडवर मे महिन्यात भर दुपारी मी याच कारणाने तासभर बाभळीखाली बसलेलो आहे. नळी एक्झॉस्टपासून लांब वळवा, तिच्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळा, आणि गाडीत पाण्याची बाटली नि एक फडकं ठेवा. ओलं फडकं पंपावर टाकलं की पाच-दहा मिनिटांत चालू होते. मिस्त्री लोक कॉइल बदलायला सांगतील. नका बदलू.

त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. पंपातला जुना रबरी डायफ्राम (पडदा) फुगतो, कॉर्कच्या पॅकिंगवरची नि फ्लोटवरची लाख विरघळते, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून महिनोन् महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. डायफ्राम आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या टाका, टाकीत फार दिवस पेट्रोल ठेवू नका. शिसं नसलेल्या पेट्रोलची भीती मात्र काढून टाका. या इंजिनाचं कॉम्प्रेशन साडेसहाला एक इतकंच आहे, ते हलक्या पेट्रोलवर चालायलाच बनवलं होतं.

चालवताना पहिला गियर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकू नका, त्याला सिंक्रो (गियरचे वेग जुळवून घेणारी सोय) नाही. मला हे कामठी रोडवरच्या चहाच्या टपरीवर एका निवृत्त ड्रायव्हर-हवालदारांनी शिकवलं. मी गाडी लावून उतरलो तर म्हणाले, “साहेब, आवाजावरनं कळलं, गियरचे दात खाऊन राहिले तुम्ही.” त्यानंतर त्यांनी स्वतः चालवून दाखवली. ऐंशीच्या आसपासचे होते, पण क्लच दाबताना पाय जराही थरथरला नाही.

तुमच्या मनात अजून पक्कं नसेल तर जोंगाचा विचार करा. नाव जबलपूरच्या कारखान्यावरून आलेलं, गाडी मुळात निसानचं ‘पॅट्रोल’ हे मॉडेल, चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. जबलपूर आपल्याला शिवनीवरून एका दिवसात जाऊन-येऊन करण्याजोगं आहे आणि तिथल्या जुन्या बाजारात हिचं सामान आणि तिला ओळखणारे हात, दोन्ही आहेत. पेट्रोल मात्र ढसाढसा पिते. आणि व्हीए नोंदणीची पन्नास वर्षं पहिल्या नोंदणीपासून मोजायची असल्याने, नव्वदच्या दशकात लिलावात निघालेल्या जोंगाला त्यासाठी अजून बरीच वाट बघावी लागेल.

खर्चाचा आकडा मी देणार नाही, पण रीत सांगतो. गाडीची जेवढी किंमत ठरेल तेवढीच रक्कम पत्रा, ब्रेक आणि इंजिनासाठी वेगळी हातात नसेल तर घेऊ नका. पहिली गाडी तीन वर्षांच्या आत झाली तर मला पेढे पाठवा.

तर, घ्यावी का? चासी सरळ, नंबर न घासलेला, वारस सही द्यायला तयार, एवढं जमत असेल तर घ्या, फोर्ड निघो की विलीज. डिझेल इंजिन बसवलेली असेल तर अर्ध्या किमतीत मागा. नंबर संशयास्पद असेल तर फुकट दिली तरी नको.

आणि अर्ध्या नंबराचं राहिलं. माझ्या दुसऱ्या जीपच्या कागदावरही शेवटचे दोन आकडे वाळवीने खाल्ले होते, गाडीवरची पाटी तर कधीच हरवलेली. मालकाला काही आठवेना. त्याच्या आईने आतून लग्नाचा अल्बम आणला. नवरदेव जीपच्या बॉनेटवर बसलेला, गळ्यात हार, आणि त्याच्या पायांच्या मधोमध नंबर प्लेट, चारही आकडे स्वच्छ. त्या फोटोवरून उतारा निघाला, नि गाडीचा क्रीम रंगही ठरला. तेव्हा रविवारी गोठ्यात जाण्याआधी घरात जा, आणि म्हातारीला विचारा की वरात कशातून निघाली होती.